आपल्याच माणसांत पहिलं हॉटेल टाकलंय, दोघंही नवखे आहोत, सल्ला हवा

दोघांचीचूल:
नमस्कार मंडळी. आम्हा नवरा-बायकोचं हॉटेल सुरू होऊन आज सहा आठवडे झाले. ७ टेबलं, २८ खुर्च्या. दोघांपैकी कुणीच या धंद्यातलं नाही. मी बारा वर्षं कचेरीत काम केलं. नवरा पहिल्यापासून स्वयंपाकात रमणारा, पन्नास-साठ माणसांचं जेवण त्याने कितीदा एकट्याने रांधलंय. जिथे लहानाचे मोठे झालो तिथलाच एक गाळा भाड्याने घेतला. शाळेत जाता-येता तो कायम बंद दिसायचा. त्याची किल्ली हातात आली त्या दिवशी आम्ही दोघं आत नुसते उभे राहिलो होतो बराच वेळ.

पहिले पंधरा दिवस दारात रांग होती. रोज ८५-९० माणसं. आमच्या शिक्षिका आल्या, शेजारीपाजारी आले, वर्गमित्र लांबून आले. प्रत्येकाने "छान झालंय" म्हणून पाठ थोपटली. आता आठवड्यातल्या साध्या दिवशी ३८-४० वर आलोय, शनिवार-रविवारी ६५ च्या आसपास. काल रात्री साडेअकराला शटर अर्धं ओढलेलं होतं. मी गल्ला मोजत होते, तो कट्ट्यावर बसून पाय चोळत होता. मी म्हटलं, महिन्याच्या विक्रीला १०० धरलं तर मालावरच ४३ गेलेत. तो म्हणाला, तू फक्त आकडे बघतेस. मी म्हटलं, तू प्रत्येक ओळखीच्या ताटात दोन डाव जास्त घालतोस. तिथून जे सुरू झालं ते घरी पोचेपर्यंत थांबलं नाही.

गर्दी कमी झाली याची काळजी करायची का? ओळखीच्यांना सवलत, उधारी, "राहू दे, तुमच्याकडून काय घ्यायचे" हे कुठे थांबवायचं? आणि दोघांनी मिळून धंदा करताना घर कसं सांभाळायचं? अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने सांगा. कडू असलं तरी चालेल.

पळीवाला:
वहिनी, अभिनंदन दोघांचं. १९ वर्षं या धंद्यात आहे, आधी भांडी घासली, मग भट्टीवर उभा राहिलो, आता एका हॉटेलात भागीदार आहे.

पहिल्या पंधरवड्याचे आकडे वहीतून फाडून टाका. ती माणसं तुम्हाला भेटायला आली होती. नवीन हॉटेलला अशी लाट येतेच आणि ओसरतेच. पुढच्या महिन्याभरात जो आकडा स्थिर होईल तो तुमचा धंदा. दारातून किती आले यापेक्षा तिसऱ्यांदा कोण आलं ते बघा. पहिल्यांदा प्रेमाने येतात, दुसऱ्यांदा पाहुण्याला घेऊन, तिसऱ्यांदा यायला मात्र भूक आणि चव लागते. एक साधी वही करा आणि चेहरा ओळखीचा वाटला की खूण करा.

डावाचं म्हणाल तर नवरा-बायकोचं भांडण मिटवायला वजनकाटा आणा. खरंच सांगतो. प्रत्येक पदार्थाचा एक डाव ठरवा, तो काट्यावर तोला आणि भिंतीवर लिहून लावा. आमच्याकडे एकाच पदार्थाचं वाढप तीन जणांच्या हातून तोललं तेव्हा १८०, २१० आणि २५० ग्रॅम निघालं होतं. मालक, आचारी आणि पोऱ्या, तिघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं.

कच्चीवही:
ताई, तो ४३ चा आकडा कसा काढलात? महिन्याची खरेदी भागिले विक्री असं केलं असेल तर तो चुकीचा आहे. मी छोट्या हॉटेलांची हिशेबाची कामं करते, नव्या मालकांपैकी निम्मे तरी हीच चूक करतात.

खरेदी म्हणजे खर्च नव्हे. कोठीत उरलेला माल अजून तुमचाच आहे. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा, एवढा माल खरंच वापरला गेला. त्याला विक्रीने भागा. नव्या हॉटेलात पहिल्या महिन्यात डबे-बरण्या भरायलाच बरीच खरेदी होते, त्यामुळे आकडा फुगतो. महिनाअखेरीला रात्री दोघांनी मिळून कोठी मोजा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. अर्धी पिशवी म्हणजे अर्धी, अंदाजाने "भरली असेल" असं लिहू नका.

साधारण सर्वत्र मानला जाणारा आडाखा असा की विक्रीच्या १०० मधले २८ ते ३५ मालावर जावेत, माल आणि पगार मिळून ६० ते ६५ च्या वर जाऊ नयेत, आणि भाडं १० च्या आत असावं. यात तुमच्या दोघांचा पगार धरलाय का? धरला नसेल तर धरा. फुकट राबून नफा दिसत असेल तर तो नफा तुमची मजुरी आहे.

दोघांचीचूल:
कच्चीवही ताई, तुम्ही म्हणता तसंच केलं होतं. काल रात्री लगेच कोठी मोजली. ९ एवढा माल शिल्लक निघाला! म्हणजे ४३ चे ३४ झाले. मोजताना तो शिडीवर, मी वही घेऊन खाली. आठवड्यात पहिल्यांदा आम्ही एकमेकांशी नीट बोललो.

आमचा पगार धरला नव्हता. धरला की चित्र बदलतं. आज दिवसभर तेच मनात आहे.

कच्चीवही:
३४ मध्ये तुमचं, कामगारांचं जेवण आणि फुकट दिलेली ताटंही आहेत. त्यांची वेगळी वही ठेवा. "राहू दे" म्हणून वाढलेलं प्रत्येक ताट तिथे लिहा, नाव आणि तारखेसकट. महिन्याने ती वही दोघांनी एकत्र वाचा. माणुसकी जरूर करा, फक्त ती किती केली ते माहीत असू द्या.

आता दुसरा हिशेब. भाडं, पगार (तुमचे धरून), कर्जाचा हप्ता, वीज, म्हणजे गिऱ्हाईक आलं नाही तरी द्यावे लागणारे सगळे पैसे एकत्र करा. एका माणसाच्या सरासरी बिलातून मालाचा खर्च वजा करा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. महिन्याला किती माणसं जेवायला हवीत ते निघेल. "गर्दी आहे की नाही" हा प्रश्न मग भावनेवर राहत नाही.

वाचनमात्र:
मी धंद्यातला नाही, पण "दहातली नऊ हॉटेलं पहिल्याच वर्षी बुडतात" असं तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवलं असेलच, म्हणून लिहितो. एच. जी. पारसा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या हॉटेलांचा मागोवा घेतला होता, तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या वर्षी बंद पडणाऱ्यांचं प्रमाण २६ टक्क्यांच्या आसपास आलं, आणि तीन वर्षांत मिळून सुमारे ६० टक्के. हा आकडाही मोठाच आहे, पण ९० नक्कीच नाही.

त्याच अभ्यासात मालकांच्या मुलाखती होत्या. हॉटेल चाललं नाही त्यामागे घरच्या जबाबदाऱ्या आणि संसारावर पडणारा ताण हे कारण ठळकपणे पुढे आलं. तुमचा तिसरा प्रश्न म्हणूनच मला पहिल्या दोन प्रश्नांइतकाच धंद्याचा वाटतो.

सांजवेळ:
आमचं हॉटेल साडेतीन वर्षं चालून बंद झालं, त्यामुळे माझा सल्ला किती घ्यायचा ते तुम्ही ठरवा.

आमच्याकडे चव होती, गिऱ्हाईकही होतं. घरचं आणि हॉटेलचं खातं मात्र एकच होतं. मुलाची फी त्यातून, भाजीवाल्याचे पैसे त्यातून, सासऱ्यांचं औषधही त्यातूनच. हॉटेल तोट्यात आहे हे आम्हाला आठ महिने कळलंच नाही, कारण घरची शिल्लक हळूहळू त्यात मुरत होती. कळलं तेव्हा एका सावकारी संस्थेचं कर्ज घेतलं, त्याचे हप्ते आठवड्याचे होते, आणि सही दोघांची. त्या सहीनंतर आमच्यात रात्रीचं बोलणंच बंद झालं.

ताई, खाती आजच वेगळी करा. आणि दोघांनी बसून, अजून सगळं बरं चाललंय तोवर, एक रेघ ठरवा. घरची इतकी रक्कम गेली की आपण थांबायचं. कागदावर लिहा. बुडायला लागल्यावर ती रेघ कुणालाच ओढता येत नाही, रोज वाटतं की पुढच्या महिन्यात सुधारेल. आम्हा दोघांचं आता चांगलं चाललंय, पण ती दोन वर्षं परत मिळणार नाहीत.

दोघांचीचूल:
सांजवेळ, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. दोनदा वाचलं, मग त्यालाही वाचून दाखवलं. खातं आमचंही एकच होतं. उद्या सकाळी बँकेत जातोय.

रोजचागिऱ्हाईक:
मुली, मी निवृत्त माणूस, आठवड्यातले चार दिवस बाहेर जेवतो. खाणाऱ्याच्या बाजूने एक सांगतो.

तुम्ही टेबलापाशी येऊन "कसं झालंय?" असं विचारत असणार. आपलं माणूस काय सांगणार? छान. मी माझ्या पुतण्याच्या हॉटेलात वर्षभर छान म्हणत आलो, मीठ नेहमी जास्त असायचं. त्याचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं. तुम्हाला ओळखणारी शंभर माणसं तुमच्याशी अशीच वागणार, आणि त्यात त्यांचं प्रेमच आहे.

म्हणून विचारू नका, परत आलेली ताटं बघा. आठ दिवस भांडी घासायच्या जागेशेजारी उभं राहा. कुठल्या पदार्थाची वाटी चाटूनपुसून येते, कुठली अर्धी येते. कडेला सारून काय ठेवलंय. ताट खोटं बोलत नाही.

पळीवाला:
काकांनी लाखातलं सांगितलं. आमचा जुना उस्ताद उष्ट्याच्या बादलीत वाकून बघायचा, आम्हाला तेव्हा किळस यायची.

दोघांचीचूल:
काका, काल आणि आज बघितलं. लिहायला जड जातंय. नवऱ्याचा सगळ्यात आवडता, आईकडून शिकलेला पदार्थ सर्वांत जास्त परत येतोय. ज्यांनी त्याची तोंडभर स्तुती केली त्यांच्याच टेबलावरून. त्याला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू?

सांजवेळ:
सांगू नका. त्यालाच उद्या तिथे उभं करा.

कच्चीवही:
यादीत एकूण पदार्थ किती आहेत?

दोघांचीचूल:
४६. आत माणसं दोन, म्हणजे नवरा आणि एक आचारी.

कच्चीवही:
४६ पदार्थ म्हणजे ४६ पदार्थांचा कच्चा माल रोज ताजा ठेवायचा. जो आठवड्यातून तीनदा मागवला जातो त्याचा माल बहुधा फेकलाच जातो.

मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये यादी तपासायची एक पद्धत मांडली, ती आजही वापरतात. प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारायचे. किती खपतो? आणि एका ताटामागे गल्ल्यात किती ठेवून जातो? दोन्हीत वरचढ असतील ते जिवापाड जपा. खपतात पण फार काही ठेवत नाहीत त्यांचं वाढप किंवा किंमत तपासा. पैसे ठेवतात पण खपत नाहीत त्यांची जागा, नाव, वर्णन बदलून बघा. दोन्हीत मागे असतील ते काढा.

इथे एक फसगत होते. टक्के बघून पदार्थ काढू नका. १०० ला विकलेल्या पदार्थात २५ चा माल गेला तर ७५ राहतात. २०० च्या पदार्थात ८० चा माल गेला, म्हणजे टक्के ४० झाले, तरी १२० राहतात. टक्क्यांनी दुसरा वाईट दिसतो, पण भाडं भरायला १२० जास्त कामाला येतात.

पळीवाला:
एका ठिकाणी थोडा वेगळा विचार करा. आपल्याच माणसांत हॉटेल असलं की एखादा पदार्थ नुसत्या हिशेबाने काढता येत नाही. आमच्याकडे एक आजोबा दर गुरुवारी एकच गोष्ट खायला येत आणि घरातली सहा माणसं सोबत आणत. तो पदार्थ काढला असता तर सात ताटं गेली असती. कोण कुणासोबत येतं तेही बघा. बाकी ४६ फार आहेत, निम्म्यावर आणा.

उन्हाळपाऊस:
मी अन्नसुरक्षेच्या तपासणीचं काम करते. प्रश्नात आलेलं नाही, तरी विचारते. रात्री उरलेलं अन्न काय करता?

दोघांचीचूल:
पातळ पदार्थांचं मोठं पातेलं ओट्यावर निवायला ठेवतो, गरम असताना फ्रिजमध्ये कसं घालणार म्हणून. सकाळी आत जातं. वापरताना खळखळून उकळतो.

उन्हाळपाऊस:
हे आजपासून बंद करा. रागावत नाहीये, घरोघरी असंच करतात. पण घरातलं पातेलं लहान असतं, ते त्यामानाने लवकर निवतं. तुमच्या २० लिटरच्या पातेल्याचा मधला भाग पहाटेपर्यंत कोमट राहतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतू वाढायचा पट्टा, आणि तुमचं पातेलं रात्रभर त्याच पट्ट्यात बसलेलं असतं.

शिजवल्याने सगळं मरतं हा गैरसमज आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि बॅसिलस सीरियस या जंतूंचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि अन्न सावकाश निवताना पुन्हा वाढीला लागतात. बॅसिलस सीरियसचं उलटी आणणारं विष तर उकळूनही जात नाही. म्हणजे सकाळची खळखळ तिथे काही कामाची नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये निववण्याचं वेळापत्रकच आहे: ५७ अंशांवरून २१ वर पहिल्या दोन तासांत, आणि सुरुवातीपासून सहा तासांच्या आत ५ अंशांवर.

करायचं असं. पातेल्यातलं उथळ ट्रेमध्ये ओता, थर चार-पाच सेंटिमीटरचा. ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा, ढवळत राहा, मग फ्रिजमध्ये. टोकदार थर्मामीटर घ्या. तो बरोबर आहे का ते बर्फ आणि पाणी कालवून बघा, शून्य दाखवायला हवा. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख आणि वेळ लिहा. आधी आलेलं आधी वापरा.

आणि तेलाच्या कढईने पेट घेतला तर पाणी अजिबात ओतू नका. गॅस बंद, वरून घट्ट झाकण. भट्टीजवळ वेट केमिकलचं अग्निशामक यंत्र हवं, ते तेलाच्या आगीसाठीच असतं. ते कसं चालवायचं ते भांडी घासणाऱ्या मुलालाही शिकवा.

दोघांचीचूल:
अंगावर काटा आला. आमच्याकडे जेवणारी निम्मी माणसं मला कडेवर घेऊन हिंडलेली आहेत. आज रात्रीपासून ट्रे.

चारहात:
आम्ही नवरा-बायको अकरा वर्षं हॉटेल चालवतोय, तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

आमच्याकडे आतून बाहेर ताटं जायची एक खिडकी आहे. खिडकीच्या आतलं राज्य त्याचं, बाहेरचं माझं. मला ताट पटलं नाही तर मी ते परत सरकवते, एक शब्द बोलत नाही. त्याला माझं टेबलांचं नियोजन पटलं नाही तर तोही सगळं आवरेपर्यंत गप्प बसतो. गिऱ्हाइकासमोर आणि कामगारांसमोर एकमेकांना दुरुस्त करायचं नाही, हे आम्ही खूप भांडून शिकलो.

रात्री गल्ला मोजताना निर्णय घेऊ नका. चौदा तास उभं राहिल्यावर कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. हिशेबाचं बोलणं आठवड्यातून एकदा, सकाळी, पोटात काहीतरी असताना. आणि आठवड्यातला एक दिवस हॉटेल बंद. पहिली दोन वर्षं आम्ही बंद ठेवलं नाही, मग तो आजारी पडून सतरा दिवस सलग बंद ठेवावं लागलं.

ओळखीच्यांचं म्हणाल तर आम्ही एकच नियम केला. सवलत कुणालाच नाही, अगदी माझ्या भावालाही नाही. पण कुणाच्या घरी दुःख झालं तर तीन दिवस डबा आमच्याकडून जातो, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. नियम सर्वांना सारखा म्हटल्यावर कुणी रुसलं नाही. एक चुलत दीर रुसले होते, तेही चार महिन्यांनी आले.

दोघांचीचूल:
पाच आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

कच्चीवही ताईंच्या सूत्राने हिशेब काढला. आम्हा दोघांचा पगार धरून महिन्याला १,४०० माणसं हवीत. जुन्या रीतीने तीसही दिवस उघडं ठेवून १,३६४ होत होती. म्हणजे मी ज्याला बुडणं समजत होते ते महिन्याला ३६ माणसांचं अंतर होतं. केवढी घाबरले होते मी! आता सोमवारी बंद ठेवतो, २६ दिवस उघडं. या महिन्यात १,४३२ झाली. साध्या दिवशी ४४, शनिवार-रविवारी ८०. यादी २१ वर आणली. एका आजींसाठी एक पदार्थ ठेवलाय, पळीवाला दादा, त्या पाच जणांना घेऊन येतात.

सांजवेळनी सांगितल्याप्रमाणे त्याला भांड्यांपाशी उभं केलं. एक रात्र काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याने तोच पदार्थ चार वेगवेगळ्या प्रकारे केला आणि चौघांना काही न सांगता वाढला. आता त्यात तेल निम्मं आहे. वाट्या रिकाम्या येतात. आई चाखून म्हणाल्या, माझ्यासारखा नाही झाला. तो म्हणाला, नाही झाला खरा. मग दोघंही बराच वेळ ओट्यापाशी बोलत बसले.

उधारीचं अजून पूर्ण जमलेलं नाही. फुकट ताटांच्या वहीत गेल्या महिन्यात ३९ नोंदी निघाल्या, २७ त्याच्या आणि १२ माझ्या. मला वाटत होतं मी एकही देत नाही. माझी बालमैत्रीण दर शुक्रवारी यायची आणि मी पैसे घ्यायचेच नाही. या शुक्रवारी तिने बिल मागितलं. मी नको म्हटलं तर म्हणाली, "पैसे घेत नाहीस म्हणून गेले दोन शुक्रवार मी आलेच नाही, तुझ्या लक्षात तरी आलं का?" आलं नव्हतं. बिल केलं. तिने पैसे मोजून ठेवले आणि डबाही बांधून मागितला, त्याचेही दिले.

थर्मामीटर एकदा ओट्यावरून पडून फुटला, दुसरा आणलाय. खाती वेगळी झाली. थांबायची रेघही कागदावर लिहिली, दोघांच्या सह्या केल्या, तो कागद कोठीतल्या वहीत आहे.

खिडकीचा नियम अजून मोडतो माझ्याकडून. परवा गिऱ्हाइकासमोरच मी त्याला म्हणाले की उशीर होतोय. बंद करताना माफी मागितली. आता साडेदहा झालेत, आज महिनाअखेर, तो शिडी घेऊन कोठीत गेलाय आणि हाका मारतोय. मोजून येते, मग उन्हाळपाऊस ताईंना डब्यांवरच्या तारखांबद्दल एक विचारायचं आहे.